पाचच्या आत मॅटवर

पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर पहिला 'सुप्रभात' पडतो. सोबत उगवत्या सूर्याचा फोटो. खरा सूर्य अजून अंथरुणात.

पूर्वी साधना गुप्त ठेवायची असे. आता ती 'लास्ट सीन'मध्ये दिसते.

एवढ्या लवकर का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ब्राह्ममुहूर्त! बरं, मग हिशेबच मांडू. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. रात्रीचा शेवटून दुसरा मुहूर्त तो ब्राह्म. सूर्योदयाच्या १ तास ३६ मिनिटं आधी लागतो, ४८ मिनिटं आधी संपतो. मुंबईत जानेवारीच्या मध्याला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. म्हणजे मुहूर्त लागणार पाच-चाळीसच्या आसपास. गजर मात्र बारा महिने चारचा!

दीड तास आधी जाऊन ब्रह्मदेवाच्या दारात नंबर लावायचा. तिथेही टोकन आहे की काय?

गडचिरोलीत सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी उगवतो. ॲप दोघांनाही एकाच ठोक्याला उठवतं. पंचांगाला निदान गाव विचारायची पद्धत होती.

गीतेच्या सहाव्या अध्यायात तर साफ सांगितलंय, की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही नाही. यातला पहिला अर्धा रोज फॉरवर्ड होतो. दुसरा कुठे गळतो? रात्री साडेबारापर्यंत वेब सीरिज, चारला प्राणायाम आणि अकराच्या मीटिंगमध्ये थेट समाधी.

शवासनात घोरणाऱ्याला उठवायचं, की ती भ्रामरी समजायची?

२१ जून हा आपल्याकडचा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. २०१५पासून शाळकरी पोरांसाठी तो जरा जास्तच मोठा झालाय. पाहुणे येईपर्यंत पोरं ताडासनात.

आपल्या पणज्या याच वेळी उठायच्या. बिनगजराच्या. जमिनीवर बैठक, खुंट्याला हात, कंबरेपासून गरगर. वर तोंडाने ओवी, म्हणजे श्वासावर ताबा आलाच. हल्ली क्लासमध्ये हाच प्रकार चक्की चालनासन म्हणून शिकवतात. महिन्याची फी आगाऊ.

पणजीच्या आसनातून पीठ तरी पडायचं.

आणि साधकाच्या हातात ते कोमट पाणी, लिंबू, मध येतं कुठून? कुणीतरी त्याच्याही आधी उठून गॅस पेटवलेला असतो. पण ती उठली तर 'सवयच आहे तिला'. हा उठला तर 'केवढी शिस्त!'

तसं पाहिलं तर ब्राह्ममुहूर्तावर सगळ्यात मोठी गर्दी दादरच्या फूलबाजारात असते. दूधवाला, पेपरवाला, पहिल्या लोकलला लटकणारे, सगळे जागे. यांच्यापैकी कुणाची कुंडलिनी जागृत झाल्याचं अजून कानावर नाही. गुडघे मात्र जागृत असतात.

परवा आमच्या विंगमधले एक साधक मॅट काखोटीला मारून गेटपाशी थांबले. वॉचमनला म्हणाले, "काका, पहाटे उठत जा. दिवसभर फ्रेश वाटतं."

काकांनी गेट उघडलं. त्यांची ड्यूटी सकाळी सातला सुटते.