बक्षीसराव

नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत १७४१ साली फौज घेऊन छत्तीसगढात उतरले, आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून इथला कारभार पाहू लागले. त्यांच्या मागोमाग आलेली मराठी कुळं पुढे रायपूरच्या तात्यापारा, बुढापारा अशा वस्त्यांत रुजली. बक्षीसराव स्वतःला त्या कुळांतलेच मानतात. त्यांच्या कुठल्याशा पूर्वजाला मोहीम फत्ते केल्याबद्दल इनाम मिळालं होतं म्हणे. बक्षीसरावांनी या घराण्याच्या परंपरेत एकच सुधारणा केली आहे. इनाम आधी घ्यायचं, मोहीम मग बघू.

मोहीम अर्थातच वजन उतरवण्याची. आणि बक्षीसराव हे कुणा एकाचं नाव नाही. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, १९३५ सालचं. तिथल्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, खुर्चीत बसण्याआधी शर्ट खाली ओढून पोट झाकणारे आणि बसल्यावर मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजणारे दोन-तीन गृहस्थ सापडतीलच. पुण्या-डोंबिवलीतही असतील. पण रायपूरच्या बक्षीसरावांवर आलेला प्रसंग जरा जास्त बिकट आहे.

सुरुवात झाली आहारतज्ज्ञ बाईंपासून. “काका, वजन उतरलं की स्वतःला शाबासकी द्या. काहीतरी बक्षीस घ्या. फक्त ते खाण्याचं नको,” असं त्या सहज बोलून गेल्या. यातलं शेवटचं वाक्य घरी आल्यावर समजलं. आपल्याकडे पोरगं पास झालं की पेढे, बढती मिळाली की श्रीखंड, घर बांधलं की जेवणावळ. आनंद पोटातून गेल्याशिवाय तो झाला असं कुणी मानतच नाही. त्यात रायपुरात दोन्हीकडचं चालतं. पोळ्याला घरी पुरणपोळी होते, आणि शेजारच्या साहू भाभींकडून ठेठरी-खुरमीचा डबा येतो. हरेलीला गुळाचा चीला येतो. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून आपल्याकडून करंज्या जातात. अशा परिस्थितीत ‘न खाण्याचं बक्षीस’ काय असू शकतं, यावर बक्षीसरावांनी वही घेऊन रात्री अकरापर्यंत विचार केला. सकाळी वहिनींनी वही उघडून पाहिली. पानावर एकच शब्द होता: रुमाल.

पुढे मात्र हात मोकळा झाला. पहिला किलो उतरला तो आठवड्याभरातच, आणि बक्षीसराव मालवीय रोडवर जाऊन बूट घेऊन आले. निळे, तळव्याला हवा भरलेले, जोडीपेक्षा खोका मोठा. आता हा पहिला किलो म्हणजे काय असतं, तर बहुतेक पाणी. खाणं कमी केलं की शरीर आधी साठवलेली साखर मोडायला काढतं. त्या साखरेच्या एकेका ग्रॅमला अंदाजे तीन ग्रॅम पाणी चिकटून असतं, ते मोकळं होतं. चरबीचा खरा किलो जायचा तर ७,७०० उष्मांकांच्या आसपास हिशोब चुकता करावा लागतो, आणि तो आठवड्यात सहसा चुकता होत नाही. गणपतीत पाच दिवस मोदक झाले आणि पाणी आपल्या जागी परत आलं. बूट परत गेले नाहीत.

वजन करण्याचा त्यांचा विधी बघण्यासारखा असतो. पहाटे, पोट साफ झाल्यावर आणि चहाच्या आधी. घड्याळ उतरतं, अंगठी उतरते, चष्मा उतरतो. चष्मा उतरल्यामुळे आकडा दिसत नाही, म्हणून वहिनींना हाक जाते. काटा बाथरूमच्या दारात ठेवायचा नाही, तर देवघराकडच्या कोपऱ्यातल्या एका ठरलेल्या फरशीवर ठेवायचा, कारण ती फरशी जराशी डुगडुगते आणि तिथे चारशे ग्रॅम कमी भरतात. बक्षीसराव श्वास सोडून उभे राहतात. श्वासालाही वजन असतं, या बाबतीत त्यांचं मत ठाम आहे.

“किती?”

“शहाऐंशी सहाशे.”

“पुन्हा बघ. मी हललो.”

वहिनींचा संयम संपला तो अर्ध्या किलोच्या बक्षिसाला ट्रॅकसूट आला तेव्हा. “तुम्ही बूट घेऊन राहिले, घड्याळ घेऊन राहिले, अन् वजन तिथंच. तुमच्या भाकऱ्या मोजून थापतं कोण? दुधी किसतं कोण? माझं बक्षीस कुठं हाय?” मुद्दा बिनतोड होता. पंडरीच्या बाजारातून चांप्याच्या कोशाची साडी आली. कोशाचं रेशीम म्हणजे छत्तीसगढची मिरवायची चीज, किंमतही त्याच तोलाची. अशा रीतीने बक्षीसरावांच्या अर्ध्या किलोचा भाव त्या महिन्यात रायपूरच्या कुठल्याही बाजारात सापडणार नाही इतका चढला.

याच सुमारास त्यांना दुबईची गोष्ट कळली. २०१३ साली दुबईच्या नगरपालिकेनं जाहीर केलं होतं, की नाव नोंदवून रमजानच्या महिन्यात जो वजन उतरवेल त्याला किलोमागे एक ग्रॅम सोनं. अट एवढीच की निदान दोन किलो उतरले पाहिजेत. बक्षीसराव हरखले. सोनं खाण्यात मोडत नाही. सदर बाजारातला सराफ ओळखीचा. आपल्याकडे तुलेची चाल जुनीच आहे. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ साली, शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली होती आणि ते सोनं दान झालं. तो दानाचा मान होता. आजकाल पुढाऱ्यांना लाडवांनी तोलतात, त्यात दान कमी आणि फोटो जास्त, आणि माणूस जितका जाड तितका सोहळा दणक्यात. दुबईकरांनी हा तराजूच उलटा टांगला, हे बक्षीसरावांना फार पटलं. वहिनींनाही पटलं. फक्त सोनं कुणाच्या नावावर घ्यायचं यावर चर्चा अडली ती अडलीच.

मग भाचीनं पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. काही लोकांना उत्कंठावर्धक कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण ऐकायचं यंत्र व्यायामशाळेतच कुलपात. पुढे काय झालं हे कळायला हवं तर व्यायामाला या. सुरुवातीला हे लोक इतरांपेक्षा दीडपट वेळा यायला लागले. बक्षीसरावांनी लगेच नियम केला: रहस्यकथा ऐकायची ती फक्त तेलीबांध्याला, तलावाभोवती चालताना. तेलीबांधा तलावाला आमचे रायपूरकर मरीन ड्राइव्ह म्हणतात; समुद्र पाहिलेला नसला तरी हौस पाहिलेली आहे. पहिले काही दिवस बक्षीसराव खरंच दोन-दोन फेऱ्या मारत होते. नंतर असं व्हायला लागलं, की खून ऐन रंगात यायचा आणि पाय दुखायला लागायचे. मग बाकावर बसून, बोटं हलवत (म्हणजे पायांची; ते चालणंच झालं), प्रकरण संपवून, सगळ्या मंडळींबरोबर पोहा-जलेबीच्या गाडीकडे. जलेबी ते घेत नाहीत. दुसऱ्यांच्या द्रोणातली तुटलेली घेतात.

भाचीनं त्या प्रयोगाचा शेवटही सांगितला होता, तो त्यांनी ऐकला नाही. मध्ये सणाची सुट्टी आली, व्यायामशाळा बंद राहिली, आणि सुट्टीनंतर तो सगळा उत्साह मावळला. अमेरिकेत एका सणानं हे होतं. आमच्याकडे पोळा, गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी अशी रांगच लागलेली असते. तेव्हा बक्षीसरावांना फार बोल लावण्यात अर्थ नाही.

माझ्या मते त्यांचं चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. बक्षीस ते काट्याच्या आकड्याला बांधतात, आणि आकडा मीठ जास्त झालं तरी हलतो. महिनाभर रोज चाललो, याला बूट मिळाले असते तर ते बूट झिजले तरी असते. चालणं माणसाच्या हातात आहे. फरशी डुगडुगती ठेवणं हेही हातात आहे, हे कबूल.

आणि इतकं असूनही, खोटं कशाला बोला, गेल्या वर्षभरात बक्षीसराव पाच किलो उतरले. शहाऐंशीत पाच म्हणजे शेकडा पाचाच्या वर, आणि तेवढ्यानंसुद्धा रक्तदाब आणि साखर दोन्हींत फरक पडतो असं डॉक्टर मंडळी सांगतात. त्यांच्याही पडला. या वेळी त्यांनी काही विकत घेतलं नाही. जुन्या तीन पँटी घेऊन तात्यापाऱ्यातल्या शिंप्याकडे गेले. शिंप्यानं कंबरेला टेप लावला, दोन बोटं आत सरकवून ओढला आणि खडू शोधत विचारलं, “भैया, एक्स्ट्रा कपड़ा काट दूँ, कि अंदर दबा दूँ?” बक्षीसराव छाती फुगवून म्हणाले, “काट दो.” शिंप्यानं कात्री उचलली. “रुको, रुको. दबा दो.” तेव्हा दोन इंच कापड आत आहे, उसवलं की बाहेर येईल.

त्या पँटी घालून ते मंडळात आले, तेव्हा काय झालं? पहिल्या काकू म्हणाल्या, “अगं बाई, बरं नाही का?” दुसऱ्यांनी आवाज उतरवून विचारलं, “शुगर निघाली का हो?” घरी भांडीवालीनंही पदर तोंडाला लावून म्हटलं, “दुबरा गे हव भइया,” आणि वहिनींना बाजूला घेऊन डॉक्टरचं नाव विचारलं. बूट, घड्याळ, ट्रॅकसूट, रहस्यकथा, सगळं करून झाल्यावर माणसाला जे ऐकायचं होतं ते कुणी म्हणालंच नाही.

भारतीय पुरुषाच्या कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात. बक्षीसराव अजून ९६ वर आहेत, म्हणजे काम बाकी आहे. तेव्हा तेलीबांध्याला, मंडळात, भाजीबाजारात कुठेही भेटले तर एवढं कराच: तब्येतीची चौकशी न करता “छान दिसताय” म्हणा. आणि त्या आनंदात त्यांना समोशाला घेऊन जाऊ नका.