एकोणपन्नास रुपयांचा मॅगेलन

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कुठल्याही कंपनी बसमध्ये खिडकीशी एक दर्यावर्दी असतोच. आमच्या बसमधला क्वालिटीत आहे, पण सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. मोशीला इंद्रायणीचा पूल येईपर्यंत त्याने मोबाइलवर एखादं तरी चरित्र विकत घेतलेलं असतं. "सहाशेचं पुस्तक, 49 ला! रात्री बारापर्यंतच ऑफर होती." वास्को द गामासुद्धा 1498 मध्ये कालिकतला पोचल्यावर एवढा खूश झाला नसेल.

वाचतो का? वाचतो की! प्रत्येक पुस्तक बारा टक्के. तेवढ्यात दुसऱ्याची किंमत उतरते. त्यामुळे त्याचा कोलंबस अजून पालोसच्या धक्क्यावर शिधाच भरतोय आणि जेम्स कुक किराणा दुकानात उमेदवारी करतोय. स्कर्व्ही मात्र प्रस्तावनेतच भेटला. तेव्हापासून कँटीनमध्ये पोह्यांवर अख्खं लिंबू पिळतो आणि समोरच्या ट्रेनीला हिरड्या दाखवायला लावतो.

दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांचं पुस्तक कॅप्टनच्या विशलिस्टमध्ये कधीचं पडून आहे. "आपल्या माणसाचं पुस्तक पूर्ण किमतीत घेणं बरं दिसत नाही," असं त्याचं म्हणणं. मला हा तर्क अजून उलगडलेला नाही.

स्वतःचा सागरी प्रवास म्हणाल तर गेटवे ते मांडवा. वहिनी सीगलना वेफर्स घालत होत्या आणि हा रेलिंगला मिठी मारून डोळे मिटून उभा. "अहो, उघडा आता, मांडवा आलं!"

परवा चाकणच्या तळेगाव चौकात बस नेहमीप्रमाणे अडकली. शेजारी न्हावाशेव्याला निघालेला कंटेनर, तोही अडकलेला. कॅप्टनने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो ट्रेनीला झापत होता, "ट्रॅफिकला काय कंटाळतोस? मॅगेलन बघ! 1519 ला निघाला, अख्खी पृथ्वी फिरून घरी आला."

"सर, तो नाही आला," पोरगं म्हणालं. "1521 ला फिलिपिन्समध्ये मारला गेला. जहाज एल्कानोने परत आणलं, पुढच्या वर्षी. अठराच माणसं उरली होती."

"सांगितलास ना शेवट!" कॅप्टन उखडला. "तीन पुस्तकं घेऊन ठेवलीयत मी त्याच्यावर!"

पाचेक मिनिटं कोणी बोललं नाही. बसही हलली नाही. मग त्याने मोबाइल उघडला.

"काय नाव म्हणालास? एल्कानो? स्पेलिंग सांग."