चार पाडवे आणि एक कैरी

वसंत ऋतूबद्दल आमच्याकडे फारसं कुणी बोलत नाही, कारण तो येतो तेव्हा आम्ही कूलरच्या टाटीतलं गवत बदलत असतो. पळस पेटतो, कोकिळा ओरडते, सगळं पुस्तकातल्यासारखं होतं; फक्त चंद्रपूरचा पारा तोवर चाळिशीला टेकलेला असतो. पण नववर्षांच्या बाबतीत आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांची चैन पुण्या-मुंबईला नाही.

पाडव्याला गुढी. त्याच दिवशी सिरोंच्यात उगादी, कारण प्राणहिता-गोदावरीच्या काठी मराठीइतकीच तेलुगू चालते. मराठी घरात कडुनिंबाचा पाला गुळाशी चावायचा, तेलुगू घरात त्याच झाडाचा मोहोर चिंच, गूळ, कैरी घालून पच्चडीत. तोंड दोन्हीकडे सारखंच वाकडं होतं. एप्रिलच्या मध्यावर मुलचेरा-चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांत पोइला बैशाख येतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी घरदार सोडलं, पंचांग सोडलं नाही. दुकानदाराने नवी वही उघडायची आणि गिऱ्हाइकाला मिठाई द्यायची, असा त्यांचा रिवाज; मिठाई खाताना जुन्या वहीतलं शेवटचं पान दोघांनाही पाठ असतं. चौथा पाडवा १ एप्रिलचा, सरकारी. त्याची खरी रोषणाई आदल्या रात्री, निधी संपवायला जागणाऱ्या कचेऱ्यांत.

चैत्रात चंद्रपूरला महाकालीची जत्रा भरते. नांदेडकडून, तेलंगणातून माणसं उन्हातान्हात येतात आणि झरपट नदीत पाणी किती आहे, याची चौकशी न करता आंघोळ उरकतात. श्रद्धेला तेवढं पुरतं.

मला मात्र हेवा वाटतो भामरागडकडच्या माडिया गावांचा. तिथे नव्या वर्षापेक्षा नव्या घासाचं महत्त्व. रानातली प्रत्येक नवी गोष्ट खाण्याआधी तिचा पंडुम, म्हणजे सण, करायचा. आंब्याचा तो मरका पंडुम. तोवर कैऱ्या डोक्यावर लोंबत असल्या तरी हात लावायचा नाही. आधी गावच्या देवाला, पूर्वजांना दाखवायच्या, मग आपण. आम्ही शहरातले लोक बाळकैरीलाही मिठाच्या पुडीनिशी गाठतो आणि मेमध्ये आंबा महाग झाला म्हणून कुरकुरतो. कोय धरायला झाडाला थोडी सवड द्यावी, ही साधी गोष्ट देवाच्या नावाने सांगितली की पोरंसुद्धा ऐकतात. ‘वृक्ष वाचवा’च्या पाटीला हे कधी जमलं नाही.

मोहाचं तर विचारूच नका. तांबडं फुटायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडाखाली हजर, कारण अस्वलालाही तीच वेळ सोयीची वाटते. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. झाडांना मात्र कुणी परिपत्रक पाठवलेलं दिसत नाही. ती रात्रभर फुलं टाकतात. आता त्या फुलांचं लोक काय करतात, असं विचारणारा माणूस बाहेरगावचा समजावा. लाडू करतात, भाकरीत घालतात, वाळवून बाजारात विकतात. एवढं सांगून आम्ही विषय बदलतो.

जगात इतरत्र वसंताचा हिशेब आभाळाकडे बघून होतो. इराणात सूर्य विषुववृत्तावर येईल तो क्षण धरून नौरोज. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर त्यानंतरच्या पौर्णिमेपुढच्या रविवारी. आमची होळी तर पौर्णिमेचीच. जपानी लोक तेवढे झाडाकडे बघतात, पण साकुरा कधी फुलणार याचा अंदाज आधीच जाहीर करून टाकतात. पंडुमाचं तसं नाही. मंडळी जमतात, झाडाकडे बघतात आणि दिवस ठरवतात. शेजारच्या गावाचा दिवस वेगळा असला तर उलट बरंच, दोन्हीकडे जेवायला जाता येतं.

जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात काही स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. पंडुमासाठी अशी सुट्टी द्यायची म्हटली, तर तारीख आदल्या वर्षीच कळवावी लागेल, आणि ती आंब्याला विचारायला कोण जाणार?