अभ्रेवाले काका

लुक्लाला जाणाऱ्या चिमुकल्या विमानात माणशी सामान मोजूनमापून नेता येतं. आम्ही त्यात काय काय कोंबलं होतं. काकांनी अभ्रा आणला होता. उशी नव्हे, नुसता अभ्रा. घरचा, फुलाफुलांचा, इस्त्री केलेला. रात्री त्यात पिसांचं जॅकेट भरलं की उशी तयार. "उशी तिथेही देतात रे, पण तिच्यावर आधी किती देशांची डोकी टेकली असतील!"

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर असे एक काका प्रत्येक मराठी ग्रुपात असतातच. बँकेतून निवृत्त, गुडघे शाबूत, आवाज खणखणीत. डोंगर बघायला ते येतात, नाही असं नाही. पण त्यांचं खरं लक्ष दोन डोंगरांमधल्या मुक्कामावर.

टी-हाऊसला पोचलं की आम्ही बाकावर कोसळायचो. काका आधी घामेजलेला बनियन बदलत आणि मग खोल्या तपासायला निघत. खोली स्वयंपाकघरावर असली तर उत्तम, खालची ऊब वर येते. संडास त्याच मजल्यावर हवा, पण शेजारी नको. भिंती प्लायवूडच्या, तेव्हा पलीकडे कोण आहे याचीही चौकशी होई. घोरणारा माणूस मानेवरून ओळखू येतो, असा त्यांचा सिद्धांत. डिंगबोचेत एका धिप्पाड जर्मनाची मान बघून त्यांनी खोली बदलून घेतली. ती खोली मग मला मिळाली. सिद्धांत खरा आहे.

नामचेनंतर आंघोळ बंद. त्यापुढे ओल्या टिश्यूंनी पंचस्नान. पायात अंगठ्याचे मोजे, म्हणजे रात्री स्लिपर घालायला अडत नाही. जेवायला दाळभातच, कारण तो पुन्हा पुन्हा वाढतात. "दिदी, अलिकति भात," एवढी नेपाळी त्यांना चोख येते. वर पिशवीतलं मेतकूट आणि तूप. ४,९०० मीटरवर लोबुचेला एकानं पिझ्झा मागवला, तेव्हा काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं अर्धा पिझ्झा वाटून टाकला.

संध्याकाळी बुखारी पेटते ती फक्त जेवणघरात, तीही याकच्या शेणाच्या गोवऱ्यांवर. सगळे तिला चिकटतात. काका दुसऱ्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसतात. झाकण उघडून गोवऱ्या टाकल्या की पहिल्या रांगेच्या डोळ्यांतून पाणी येतं. झोपायच्या आधी ते बाटलीत उकळतं पाणी भरून घेत, बाटलीवर लोकरीचा मोजा चढवत आणि स्लीपिंग बॅगेत पायाशी सारत. सोबत फोन, पॉवर बँक आणि उद्याचे मोजे. "बॅटरीलाही थंडी वाजते, बाबा." सकाळी तेच पाणी कोमट प्यायचं. लाल पट्टीची दुसरी एक बाटली मध्यरात्रीच्या कामासाठी असे. दोन्ही बाटल्या ओळखण्यात त्यांची चूक कधी झाली नाही, निदान त्यांनी सांगितली तरी नाही.

लुक्लात आम्ही हसलो होतो. गोरकशेपपर्यंत सहा जणांच्या बाटल्यांवर मोजे चढले होते.

तिथून पहाटे चारला काला पत्थर चढायचं होतं. वरून उजाडताना एव्हरेस्ट दिसतो म्हणतात. मी काकांना हाक मारली. बॅगेतून फक्त नाक बाहेर आलं. "सूर्य उद्याही उगवेल. ही बॅग तापवायला मला चार तास लागलेत."

एव्हरेस्ट दिसला. फोन मात्र गारठून वरच बंद पडला, फोटो एकही नाही. दात वाजवत खोलीत आलो. काका अभ्र्याची घडी घालत होते. त्यांनी विचारलंसुद्धा नाही काय दिसलं. "आधी आत शिर," एवढंच म्हणाले.

माझ्या बॅगेत पायाशी मोजा घातलेली बाटली होती, नुकतीच भरलेली. मी गहिवरून काही बोलणार, तोवर त्यांनी खिशातली वही काढून उकळत्या पाण्याचे पैसे माझ्या नावावर मांडले होते.