देवाशेजारचा मोबाइल

गाडीत लोहचुंबक आलं ते मोबाइलच्या आधी, गणपतीबरोबर. जुन्या जीपचा डॅशबोर्ड पत्र्याचा असायचा आणि बुडाला चुंबक लावलेली चार बोटांची मूर्ती त्यावर टक्कन बसायची. शहापूर ते किन्हवली असो की मुरबाड ते धसई, मागे कितीही माणसं कोंबली तरी देव जागचा हलत नसे. पुढे डॅशबोर्ड प्लास्टिकचे झाले, देव डबल टेपवर आले आणि मोकळ्या झालेल्या चुंबकाने मोबाइल धरला.

धरला तोही झोकात. ना स्क्रू, ना कडी. नुसता जवळ नेला की फोन ओढला जातो आणि उतरताना एका हाताने सुटतो. चिमट्याच्या होल्डरला हे जमत नाही. तो नेमकं आवाजाचं बटण दाबून बसतो आणि मग नकाशातली बाई ‘उजवीकडे वळा’ हे गुपित सांगितल्यासारखं पुटपुटते. कायद्यालाही फोन हातात नकोच आहे. ऑक्टोबर 2020 पासूनचा नियम सांगतो, की गाडी चालवताना फोनचा उपयोग फक्त रस्ता पाहायला, आणि तोही लक्ष न ढळू देता.

होल्डरच्या एवढ्याशा चकतीत इतका जोर येतो तो निओडिमियममुळे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी हे चुंबक तयार झालं. मात्र त्याची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. आमच्याकडे फोनचं कव्हर म्हणजे छोटी तिजोरी: आधार कार्ड, घडी घातलेली शंभराची नोट, एखाद्या बाबांचा फोटो. एवढ्या थरांतून चुंबकाने धरायचं तरी किती? आणि एटीएम कार्ड त्यात असेल तर चुंबक त्याची काळी पट्टी पुसू शकतं. चिपला मात्र काही होत नाही.

दुसरी गोम अशी, की फोन सरळ ओढून काढायला जोर लागतो, पण खाली घसरवायला त्याहून बराच कमी पुरतो. उभ्या चकतीवर फोन केवळ घर्षणाच्या भरवशावर असतो. समृद्धी महामार्गावर हे कळत नाही. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि तो शहापूर तालुक्यातूनच जातो. तिथे फोन मूर्तीसारखा स्थिर. पण खाली उतरून किन्हवली-सरळगावकडे वळा. शाळेपुढे गतिरोधक, देवळापुढे गतिरोधक आणि माजी सरपंचांच्या दारापुढे तर हमखास. पहिल्या दणक्याला फोन तिरका होतो, दुसऱ्याला सीटखाली जातो आणि तिथून बाई शांतपणे सांगते, ‘शक्य असेल तेव्हा यू-टर्न घ्या.’ पुढची गंमत मात्र गमतीची नाही, कारण फोन ब्रेकखाली अडकू शकतो आणि तो शोधायला चालवणारा वाकतो.

एप्रिल-मे महिन्यांत मुरबाडच्या बाजारात काचा लावून गाडी तासभर उभी करा. चुंबक टिकतं, त्याच्या पाठचा गोंद शरण येतो. म्हणून काही जण होल्डर एसीच्या जाळीवर अडकवतात. फोन गार राहतो, पण वजनाने जाळीची पाती मोडते.

चुंबकामुळे नकाशा चुकतो, हा मात्र त्याच्यावर आळ आहे. जीपीएस उपग्रहांच्या रेडिओ लहरींवर चालतं, त्याला चुंबकाशी घेणंदेणं नाही. बिघडतं ते फोनमधलं होकायंत्र, आणि तेही गाडी उभी असताना जाणवतं. गोरखगडाच्या पायथ्याला देहरी गावात पोहोचलेला ट्रेकर म्हणूनच गडाकडे पाठ करून गड शोधताना दिसतो. फोन चकतीवरून काढून हवेत इंग्रजी आठचा आकडा गिरवला की दिशा बहुधा ताळ्यावर येते. घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल, तर चकती आणि चुंबक असलेले फोन त्यांच्या छातीपासून वीतभर तरी लांब ठेवावेत.

मग घ्यावा का हा होल्डर? जरूर घ्यावा. ज्या गुणामुळे तो सोयीचा, त्याच गुणामुळे तो बेभरवशाचा: धरतो हलक्या हाताने, सोडतोही तसाच. कव्हर पातळ ठेवा, तिजोरी खिशात हलवा. रस्ता गाडी सुरू करण्याआधीच लावून घ्या. माळशेजच्या वाटेवर रेंज गेली, तर काच खाली करून ‘बाबा, धसईला कुठून वळायचं?’ असं विचारा. उत्तराबरोबर पुढच्या खड्ड्याचीही माहिती मिळेल. आणि फोन पडलाच, तर पडू द्या. गाडी बाजूला घेऊन थांबवा, मगच वाका.