सोळाचे अलॉय, जुलैचा खड्डा

वसईच्या गाड्यांचा क्रमांक एमएच 48 आणि शेजारून जाणारा राष्ट्रीय महामार्गही 48. गाडीचं आणि रस्त्याचं जमल्याचं आमच्याकडे हे एकमेव उदाहरण. पुढे माणिकपूर नाक्याकडे वळलात की दोघांचा काडीमोड होतो.

तरीही दिवाळीचा बोनस हातात पडल्यापासून नाताळपर्यंत आमच्याकडे अलॉयचा हंगाम असतो. माझ्या भाच्याकडे स्विफ्ट आहे, खालच्या मॉडेलची. कंपनीने तिला 165/80 आर 14 असे टायर दिले, वर प्लास्टिकच्या टोप्या. भाच्याला त्याची लाज वाटे. "मामा, गाडी अनवाणी वाटते," म्हणायचा.

दुकानदार समजूतदार होता. "दादा, सोळा टाका. पब्लिक वळून बघेल." चकाकत्या रिम्स भिंतीवर टांगलेल्या होत्याच. आता सोळाला टायर कुठला? तर दुकानात पडून राहिलेला, 195/45. बसेल ना? "बसेल काय, फुल्ल फिट!" आमच्याकडे टायरचं माप असंच निवडतात. आधी रिम आवडते, मग जो टायर खपत नसतो तो तिला शोभून दिसतो.

वास्तविक टायर हा फार प्रामाणिक प्राणी. त्याच्या कुशीवर सगळं छापलेलं असतं. 165 म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. 80 म्हणजे कुशीची उंची, रुंदीच्या ऐंशी टक्के. 14 म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. गणित पाचवीच्या मुलाचं आहे: 165 चे ऐंशी टक्के 132, वरची एक कूस आणि खालची एक मिळून 264, त्यात चौदा इंचांचे 355.6 मिळवा. टायरची एकूण उंची झाली साधारण 620 मिलिमीटर. रिम कितीही मोठी करा, ही 620 हलता कामा नये. फार तर दोन-तीन टक्के इकडेतिकडे. गाडीचा स्पीडोमीटर याच आकड्यावर विश्वास टाकून बसलेला असतो.

भाच्याच्या नव्या टायरचा हिशेब मी बिलाच्या मागच्या बाजूला मांडला. 582. म्हणजे सहा टक्के घट. गाडी 75 ने पळाली की काटा 80 दाखवतो. भाचा खूश! तेवढ्याच पेट्रोलमध्ये मीटरवर किलोमीटर जास्त पडू लागले, तर त्याला वाटलं अलॉयने मायलेज वाढलं. वॉरंटीचे किलोमीटरही त्याच वेगाने संपतायत, हे मी सांगितलं नाही. सणासुदीचे दिवस होते.

स्विफ्टचं पोट जमिनीपासून 163 मिलिमीटर उंच असतं. त्यातले 19 गेले. जुलै 2018 मध्ये वसईत इतकं पाणी भरलं की लोकल बंद पडली. त्या गावात पैसे मोजून गाडी पाऊण इंच खाली आणायची, यालाच हौसेला मोल नाही म्हणतात.

खरा तोटा मात्र कुशीचा. मूळची 132 मिलिमीटरची कूस आता 88 वर आली. या कुशीतली हवाच आमच्याकडे सार्वजनिक बांधकामाचं काम करते. खड्डा आला की ती दबते, धक्का पोटात घेते आणि निविदा न काढता पुढच्या खड्ड्यासाठी सज्ज होते. तीच छाटल्यावर धक्का थेट रिमला बसतो. लोखंडी रिम वाकते, पण घण मारून ती सरळ करणारा कारागीर सापडतो. ओतीव अलॉय वाकण्याच्या भानगडीत न पडता तडकते. भाच्याचं एक जुलैतच तडकलं, शेजारच्या टायरला लिंबाएवढा फुगा आला.

विम्याकडे गेलो तर तिथे विनोदाची पुढची पायरी. नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीही मोडली तर टायरची निम्मी किंमत मिळते. तेव्हा आपटायचंच असेल तर नीट आपटा, अर्ध्यामुर्ध्या अपघाताने काही साधत नाही. बाहेरून बसवलेल्या अलॉयची पॉलिसीत वेगळी नोंद केली नसेल, तर त्यांचं नावही काढू नका.

टायरच्या कुशीवर जन्मतारीखही असते. शेवटचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. किती वजन पेलणार, किती वेगाने पळणार, सगळं लेखी. आता रस्त्याकडे बघा. कुठल्या आठवड्यात केला, किती जाडीचा, किती वजनाचा, काही छापलंय? महापालिकेलाही दोष कसा द्यावा! 2009 मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि आमची नवघर-माणिकपूर अशा चार नगरपरिषदा आणि वर कितीतरी गावं एकत्र करून ती केली. तेही अपसाइजिंगच. रिम मोठी झाली, रबर होतं तेवढंच राहिलं.

उलट टोकाचेही लोक आहेत. त्यांना स्विफ्टची एसयूव्ही करायची असते. पंधरावर 205/65 चढवतात, उंची जाते 647 वर. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतल्या अस्तराला घासतो आणि काटा 80 दाखवत असताना गाडी 83-84 ने पळत असते. पोलिसांच्या स्पीडगनला ही सबब सांगून बघा.

तर वाचकहो, नाकापेक्षा मोती जड करायचा नसेल तर एवढं करा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर आधी वाचा. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीच 185/65 आर 15 देते, त्याची उंची 621.5. भांडण तिथेच मिटतं. सोळाचाच हट्ट असेल तर 195/55 घ्या, 621 येते. रिमची रुंदी साडेपाच ते सात इंचांत ठेवा. टायरवरचा वजनाचा आकडा मूळच्या 85 पेक्षा, म्हणजे एका टायरला 515 किलोंपेक्षा, कमी नको. आमच्या 195/45 वर 80 होता, 450 किलो. बोल्टांचं वर्तुळ म्हणजे पीसीडी चार-शंभर हवं, आणि रिमचा ऑफसेटही मूळच्या जवळपासचा, नाहीतर चाकं मडगार्डबाहेर डोकावतात आणि बेअरिंग रडतात. चौदाच्या लोखंडी रिम्स भंगारात देऊ नका. आणि "सब चलता है" म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर या.