खाट नंबर चार

प्रसूती या घटनेमध्ये सर्वांत कमी अधिकार जर कोणाला असेल, तर तो प्रसूत होणाऱ्या स्त्रीला असतो, हे माझे मत मी प्रथम माहेरच्या माजघरात आणि पुढे नाशकातील एका प्रसूतिगृहाच्या लोखंडी खाटेवर, अशा दोन्ही ठिकाणी यथास्थित पडताळून पाहिले आहे. डॉक्टरीणबाईंना पदवीचा अधिकार असतो, परिचारिकेला नोंदवहीचा, आयाबाईंना दाराच्या कडीचा, सासूबाईंना वंशाचा, आजीला अनुभवाचा, आणि पतिराजांना, दुसरे काही नाही तरी, संमतिपत्रावर सही करण्याचा. जिच्या मुलखात ही सगळी मोहीम चालायची ती मात्र या दरबारात बिनहुद्द्याची. तिने हुकूम ऐकावेत आणि त्यांची बिनतक्रार तामिली करावी.

हा अधिकाराचा तंटा तारखेपासूनच सुरू होतो. डॉक्टरीणबाईंचा हिशेब सरळ होता: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरावा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत, आणि येईल ती तारीख फायलीवर लाल शाईने लिहून टाकावी. हा हिशेब नेगेले नावाच्या एका जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला आहे. माझ्या आजीचा हिशेब त्याहून जुना, म्हणजे नऊ महिने नऊ दिवसांचा. आणि हे दोन दिवस जास्तीचे कशाचे, असे मी विचारले तेव्हा "ते बाळाच्या मर्जीचे" असे उत्तर तिने दिले, जे मला नेगेलेसाहेबांच्या सूत्रापेक्षा अधिक शास्त्रीय वाटले. कारण दिलेल्या तारखेस हजर होणारी मुले फारच थोडी, हे खुद्द डॉक्टरमंडळीही मान्य करतात. सासूबाईंनी दूरध्वनीवरून कळवलेली तारीख पंचांगातून काढलेली होती व तिच्यामागे नक्षत्राचे पाठबळ होते. या तिन्ही पक्षांचे एकमत होते ते एकाच गोष्टीवर: १३ सप्टेंबर २०१५ हा दिवस काही केल्या नको. त्या दिवशी सिंहस्थाचे दुसरे शाहीस्नान होते, म्हणजे पंचवटीतले आमचे घर आणि नदीपलीकडचे प्रसूतिगृह यांच्या दरम्यान अवघे भारतवर्ष गोदावरीत उतरणार होते. शिवाय अमावास्या होती, आणि ती दुपारी बाराच्या पुढे दहा-अकरा मिनिटे झाल्यावाचून संपणार नव्हती. एवढे सांगितल्यावर माझ्या पोटात कोणत्या दिवशी दुखू लागले असेल, ते चाणाक्ष वाचकास सांगावयास नकोच.

पहाटेच्या अंधारात शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या बाजूस आई, मी आणि आजी, व पुढे यजमान, मांडीवर दुपटी-टोपड्यांचे गाठोडे घेऊन, अशी आमची स्वारी निघाली आणि पहिल्याच चौकात दोरखंड व बांबू यांच्यापाशी अडली. तपोवनातून साधूंची मिरवणूक रामकुंडाकडे निघण्याची वेळ झाली होती. शैवांचे आखाडे त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णवांचे नाशकात अशी स्नानाची वाटणी फार पूर्वीच होऊन गेलेली असल्यामुळे आमच्या वाट्यास निर्वाणी, निर्मोही आणि दिगंबर हे तीन वैष्णव आखाडे आले होते. जन्ममरणाच्या फेऱ्यातून कायमची सुटका करून घेण्यास निघालेल्या महंतांना वाट मिळावी, म्हणून त्याच फेऱ्यात नव्याने दाखल होऊ पाहणाऱ्या एका जीवाने रस्त्यात खोळंबून राहावे, यातील वेदान्त मला त्या वेळी उमगला नाही, कारण माझे लक्ष अन्यत्र होते.

"पास?" बंदोबस्तावरच्या हवालदाराने खिडकीत बॅटरी घालून विचारले.

"पेशंट आहे," यजमान म्हणाले.

"पेशंटचा पास?"

या प्रश्नावर यजमान गाठोडे चाचपू लागले. पण तेवढ्यात मला जी कळ आली आणि तिच्यासोबत जो आवाज आला, त्याने जे काम केले ते कोणत्याही कचेरीच्या शिक्क्याने झाले नसते. हवालदार बंदोबस्तासाठी दूर विदर्भातून आलेला होता. त्याने दोर टाकला आणि आम्हीच आपण होऊन तेथे मुक्काम ठोकला असल्याच्या थाटात यजमानांवर डाफरला, "काहून उभे राहिले मंग? न्या ना बाईले लवकर!" आणि अहिल्याबाई होळकर पुलापर्यंत स्वतः शिटी फुंकत गाडीपुढे चालला. कोणत्याही आखाड्याच्या महामंडलेश्वरास मिळावी तशी ही शाही वाट मला मिळाली, आणि आजीने तेवढ्यात काचेतून गंगेला नमस्कारही उरकून घेतला.

प्रसूतिगृहात प्रवेश करताच मनुष्याचे नाव दारात काढून ठेवावे लागते. माझे नाव, वय, नवऱ्याचे नाव, कितवी खेप, रक्तगट वगैरे कैफियत एका लांब कागदावर उतरली, बांगड्या आईच्या स्वाधीन झाल्या, ज्याचे बंद पाठीमागे असतात आणि म्हणून कधीच बांधले जात नाहीत असा एक हिरवा झगा अंगावर चढला, आणि तेथून पुढे मी 'खाट नंबर चार' झाले. "चारला कळा किती वेळानं येतायत?" "चारचं बीपी घेतलं का?" असे माझ्या उशाशी उभे राहून एकमेकींना विचारले जाई. मला विचारावे असे कोणाला सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर मी सांगितलेल्या उत्तरावर कोणी विश्वासही ठेवला नसता.

खाट नंबर तीनवर निफाडकडची एक बाई होती. तिची ही तिसरी खेप, त्यामुळे तिला येथला रीतिरिवाज अवगत होता. मी दात-ओठ आवळून सुशिक्षितपणे कण्हत आहे हे पाहून तिला दया आली. "अवो ताई, वरडा की मोकळ्यानं! नवऱ्याच्या नावानं वरडा, लवकर सुटका व्हती," असे सांगून तिने लगोलग प्रात्यक्षिकही करून दाखवले. बाहेरच्या बाकावर बसलेल्या तिच्या मालकांना मी पुढे पाहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर या प्रकाराचे काडीमात्र वैषम्य नव्हते. द्राक्षबागेवर अवकाळी पाऊस सोसलेला तो मनुष्य होता.

प्रगतीचे मोजमाप बोटांत होते. परिचारिका येई, तपासणी करी आणि "दोन बोटं" असे जाहीर करी. हा आकडा दाराच्या फटीतून बाहेर जाई व तेथून यजमानांच्या मोबाइलवरून पुणे, ठाणे आणि सासरच्या समस्त आप्तवर्गात पसरे. पावसाळ्यात गोदेला पूर आला, की दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, अशी बातमी जशी गावभर फिरते, तशी माझ्या देहाची अत्यंत खाजगी बातमी दोन बोटे, तीन बोटे, चार बोटे अशी चढत गेली, आणि ज्या चुलतसासऱ्यांसमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते त्यांनीही "अजून चारच का?" अशी पृच्छा केल्याचे मागाहून कळले.

आजीने आत येण्याचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकेने तिला दारातच हटकले, "आजी, हात धुतले का?" आजी संतापली. गंगेला हात जोडून आलेल्या, सोवळ्याओवळ्यात जन्म काढलेल्या बाईला हात धुण्यास सांगणारी ही कालची पोर कोण? परंतु या संतापाला मोठी परंपरा आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना चुन्याच्या क्लोरिनयुक्त पाण्याने हात धुण्यास लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पण आमच्यासारख्या सभ्य गृहस्थांचे हात का मलिन, म्हणून पुष्कळ वैद्यवर्य त्याच्यावर असेच रुष्ट झाले. तो बिचारा १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्याच वर्षी आपल्याकडे आनंदीबाई जोशी जन्मल्या, ज्यांचा मुलगा त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षी जन्मून दहा दिवसांत गेला आणि ज्यांनी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टरची पदवी घेतली, ती हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून. आजीची पहिली दोन बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातची झाली. त्यांतल्या एकाचे बारसे झाले नाही. तिने हात धुतले, दोनदा धुतले, आणि मग बाहेरच बसली.

बाहेर बसूनही तिचे लक्ष घड्याळावर होते. अमावास्या संपेपर्यंत थांबता येईल का, अशी तिची विनंती आयाबाईंमार्फत अकराच्या सुमारास आत सादर झाली. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवता चढवता उत्तर दिले, "आजींना म्हणावं, मुहूर्त बाळानं काढलाय, मी फक्त भटजी आहे." त्याआधी अर्धा तास, त्या येईपर्यंत मी अजिबात जोर लावू नये, असा परिचारिकेचा सक्त हुकूम होता, आणि त्या येताच सर्व बाजूंनी "लावा जोर! अजून! सोडू नका!" असा एकच गिल्ला सुरू झाला. रामकुंडावरही त्याच सुमारास बहुधा याच पट्टीत जयघोष चालला असावा. तेथे पापक्षालन होत होते. येथे मी पूर्वजन्मातली आणि या जन्मातली मिळून सारी पापे आठवून घेतली आणि तीही अपुरी पडली, म्हणून निफाडच्या बाईंचा सल्ला शिरसावंद्य मानून यजमानांच्या नावाचा उच्चार केला. लग्नात घेतलेल्या उखाण्यानंतर ते नाव मी इतक्या मोठ्याने कधी घेतले नव्हते.

मुलगी झाली. भिंतीवरचे घड्याळ बारा वाजून आठ मिनिटे दाखवत होते आणि डॉक्टरीणबाईंच्या मनगटावरचे तेरा. परिचारिकेने लेखणी रोखून विचारले, "कुठली वेळ लिहू?" डॉक्टरीणबाईंनी एकवार दाराकडे पाहिले आणि म्हणाल्या, "माझी." अशा रीतीने आमची कन्या सरकारदरबारी शुक्ल प्रतिपदेस जन्मली, आणि भिंतीवरच्या घड्याळाची साक्ष कोणी काढली नाही.

जन्मून एक मिनिट होते न होते तोच तिची परीक्षाही झाली. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ साली ही परीक्षा काढली: हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, प्रतिसाद आणि अंगाचा रंग, प्रत्येकी दोन गुण, एकूण दहा, पहिला पेपर पहिल्या मिनिटास आणि फेरपरीक्षा पाचव्या मिनिटास. आमच्या चिरंजीविनीस नऊ मिळाले. माझे वडील सेवानिवृत्त मुख्याध्यापक. दुपारी चालत पूल ओलांडून ते आले आणि नातीचे मुख पाहण्याआधी त्यांनी विचारले, "एक गुण कशात गेला?" हातपाय जरा निळसर होते, जवळजवळ सगळ्याच बाळांचे असतात, असे परिचारिकेने परोपरीने सांगितले. "असतील," नाना म्हणाले, "पण पाचव्या मिनिटाला सुधारणा दिसायला हवी."

यजमान आयाबाईंची खुशी देण्यासाठी मिठाई आणायला गेले, ते नाकेबंदीतून वाट काढत तिसऱ्या प्रहरी जिलबी घेऊन परतले. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी किंवा जिलबी, हा भेद कोणत्या शहाण्याने काढला कोण जाणे. ज्या इमारतीच्या दारावर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी कायद्याने सक्तीची पाटी असते, त्याच इमारतीत मिठाईच्या पुडक्यावरून लिंगनिदान बिनचूक होत असते. मी मात्र ती जिलबी चापून खाल्ली. डॉक्टरीणबाईंनी पंखा लावण्यास व भरपूर पाणी पिण्यास सांगितले होते, आजीने पंखा बंद करून माझे कान बांधले होते आणि पाण्याचा तांब्या दृष्टीआड केला होता. या दोन हुकुमांच्या कात्रीत जिलबीविषयी कोणाचाच हुकूम नव्हता.

आणि तरीही या इस्पितळाने मला एक मान दिला, जो इतरत्र कोठेही मिळाला नाही. बाळाच्या मनगटावर जो पट्टा बांधला होता त्यावर 'बेबी ऑफ' असे लिहून पुढे माझे नाव होते. माझे, नवऱ्याचे नव्हे, सासऱ्यांचे नव्हे. मूल कोणाचे याविषयी जेथे चूक होऊन चालत नाही, तेथे आईचेच नाव लिहितात. घरी आल्यावर यजमान एकवीस दिवसांच्या मुदतीत जन्मनोंदणीचे काम पुरे करून आले. दाखल्यावर माझे नाव त्याच्या ठरलेल्या रकान्यात बसले, आणि बारशाला ठेवलेल्या नावापुढे, रिवाजाप्रमाणे, वडिलांचे लागले.

पुढे महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला, की शासकीय दस्तऐवजांत प्रथम मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम सक्तीने लावावा. हा नियम १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आहे. आमच्या कन्येस तो लागू होत नाही.